साबर बोंडं आईबरोबर बघितला, आता तिला पुढचं काय दाखवू?

मोगरी

मंडळी मदत हवीय. सप्टेंबरात 'साबर बोंडं' लागला होता तेव्हा आईला घेऊन गेले होते, तिला एवढंच सांगितलेलं की आपल्या नगरकडच्या बोलीतला पिक्चर आहे आणि सगळा दहाव्यापर्यंतच्या दिवसांतला आहे, दोन पुरुषांच्या प्रेमाचा आहे हे नव्हतं सांगितलं. तिचं माहेर अकोले तालुक्यातलं, म्हणून लगेच तयार झाली. मला धाकधूक होती की मध्येच उठेल किंवा घरी आल्यावर ऐकवेल, पण बाईसाहेब शेवटपर्यंत बसल्या आणि रिक्षात एवढंच म्हणाल्या की आता त्या बाल्याच्या घरच्यांनी त्याच्या लग्नाचा नाद सोडावा म्हणजे झालं. नंतर एकदा मेथी निवडता निवडता, असले अजून असतात का गं. असतात म्हटलं, खूप असतात, आणि 'ब्रोकबॅक माउंटन'ची गोष्ट सांगायला घेतली तर मला मध्येच तोडून म्हणे गोऱ्यांचे नकोत, त्यांची पोरं अठराव्या वर्षी घर सोडतात, त्यांना कोण विचारतंय लग्न कधी करतोस म्हणून.

तर आशियातले सुचवा. देश कुठलाही चालेल, दोन पुरुषांतलं प्रेम किंवा एकदम घट्ट नातं असलेले. आई रिटायर्ड शिक्षिका आहे, इंग्रजी सबटायटल वाचते पण सावकाश, त्यामुळे सतत बडबड असलेला नको. किस वगैरे चालेल, त्याच्या पुढे गेलं की मी पाणी प्यायला उठणार. आणि तिची स्वतःची एक अट आहे, शेवटी कुणाला मारायचं नाही. हिंदीतले कॉमेडीवाले बघून झालेत, ते सांगू नका.

निशाचर

आईंनी मेथी निवडता निवडता जे सांगितलं त्यावर लोक पीएचड्या करतात. आणि गंमत अशी की ब्रोकबॅकवाला अँग लीच, त्यानेच त्याच्या १२ वर्षं आधी, १९९३ ला 'द वेडिंग बँक्वेट' केला होता आणि त्यात अख्खा पिक्चरभर हेच चाललंय, लग्न कधी करतोस. पहिला हाच लावा, डोळे झाकून.

तैवानचा वाय-तुंग न्यूयॉर्कात सायमन नावाच्या जोडीदाराबरोबर सुखात राहतोय, घरं भाड्याने द्यायचा धंदा आहे, पैसा बरा आहे, आणि तिकडून आई कॅसेटवर बोलणं रेकॉर्ड करून पाठवते (तेव्हा व्हॉट्सॅप नव्हतं पण आया होत्याच) की आता पुरे झालं, मुलगी बघ. शेवटी सायमनच डोकं चालवतो की आपली भाडेकरू वेवे, शांघायची चित्रकार, तिला ग्रीन कार्ड हवंय, तिच्याशी खोटं लग्न लाव, आईबाप खूश, टॅक्सचं पण काम होईल. आणि मग आईबाप विमानाने थेट हजर! घरातले दोघांचे फोटो काढून भिंतीवर चिनी अक्षरांचे कागद टांगायची जी धावपळ आहे ती बघून आई हसणार याची गॅरंटी. वडील निवृत्त लष्करी अधिकारी, त्यांचा जुना ड्रायव्हर न्यूयॉर्कात हॉटेलमालक झालेला, तो म्हणतो साहेबांच्या मुलाचं लग्न असं कोर्टात आटपून कसं चालेल, आणि तिथून जे जेवणावळीचं लफडं सुरू होतं ते आपल्याकडच्या कुठल्याही मंगल कार्यालयात खपून जाईल.

पुढे स्पॉयलर, नको असेल तर सोडा. मला त्या म्हाताऱ्या वडिलांचं काम सगळ्यात भारी वाटतं. त्यांना सगळं कळलेलं असतं, इंग्रजीही कळत असतं, कुणाला दाखवत नाहीत एवढंच. सायमनला एकट्याला गाठून वाढदिवसाचं पैशाचं पाकीट हातात देतात, म्हणजे सून घरात घेतली असं समज, आणि वर बजावतात की बायकोला आणि पोराला यातलं काही बोलायचं नाही. का, तर नातवंड मिळावं म्हणून त्यांनीच सगळ्यांना खोटं बोलू दिलेलं असतं. लबाड आहे का प्रेमळ आहे, का दोन्ही, हे मी प्रत्येक वेळी वेगळं ठरवतो. बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं होतं त्याला. आणि कुणी मरत नाही.

हाँगकाँगचा 'हॅपी टुगेदर' मात्र इतक्यात लावू नका. माझा आवडता आहे, पण सुरुवातीलाच पाणी प्यायला उठावं लागेल आणि बराच वेळ परत येता यायचं नाही.

सदूभाऊ

एक शंका विचारतो, राग मानू नये. आमच्या वेळी १९६४ चा 'दोस्ती' होता, एक आंधळा एक लंगडा, दोघांना जगात कोणी नाही, फिल्मफेअरची सहा बक्षिसं, थिएटरात बायाबापड्या ढसाढसा रडायच्या. पुढे 'आनंद' झाला, जय-वीरू झाले. त्यात कुणी काही शोधत बसलं नाही. दोन पुरुषांची माया ही मायाच राहू द्यायला काय हरकत आहे, प्रत्येक ठिकाणी ते दुसरं कशाला बघायचं? मी विरोधात नाही, ज्याचं त्याने ठरवावं, पण धागाकर्तीने 'घट्ट नातं' असं पण लिहिलंय म्हणून विचारलं.

थांबा_जरा

सदूकाका कृहघ्या (कृपया हलके घ्या), पण हे तुमचं वाक्य चीनचा सेन्सॉर बोलतो, सेम टू सेम!

'द अनटेम्ड' म्हणून २०१९ ची मालिका आहे, ५० भाग, जगभरच्या पोरी वेड्या झाल्या होत्या (मी पण, लपवत नाही). मूळ वेब कादंबरीत ते दोघं सरळ सरळ प्रेमात आहेत, एकत्र संसार करतात. टीव्हीवर ते दाखवायचं नाही असा तिकडे नियम आहे, २०१६ ला 'अ‍ॅडिक्टेड' नावाची एक मालिका चालू असताना मध्येच इंटरनेटवरून उडवून टाकली होती. मग 'अनटेम्ड'वाल्यांनी काय केलं तर दोघांना जिवलग मित्र केलं. किस नाही, मिठी नाही, कबुली नाही. पण एक बासरी वाजवतो, दुसरा ते तारांचं आडवं वाद्य, दुसऱ्याने पहिल्यासाठी एक धून बांधलेली असते जी फक्त त्या दोघांना माहीत, आणि पहिला मेला असं समजून हा सोळा वर्षं त्याची वाट बघतो. सोळा! माझी मैत्रीण मी पाच मिनिटं उशिरा आले की बसने निघून जाते.

म्हणजे काका, मायेला कुणाची ना नाहीये. माया म्हणा, मायाच म्हणा, दुसरं काही म्हणालात तर बंदी, असं असेल तर मग ती दोस्ती खरी कुठली आणि दाबून बसवलेली कुठली हे बघणाऱ्याने शोधायचं नाही तर काय करायचं.

मोगरी, आईंना मालिकांची सवय असेल तर ५० भाग काहीच नाहीत. आणि पिक्चरच हवा असेल तर थायलंडचा 'द लव्ह ऑफ सियाम', २००७ चा. तो लागला तेव्हा पोस्टरवर मुलगा-मुलगी अशा जोड्या होत्या, पब्लिक कॉलेजातली लव्हस्टोरी समजून आत गेलं आणि आत निघाली दोन लहानपणच्या मित्रांची गोष्ट. पण माझ्या मते तो खरा आईचा पिक्चर आहे. घरातली मोठी मुलगी ट्रेकला जाऊन बेपत्ता झालीय, बाप दारूत बुडालाय, सगळा डोलारा आई एकटी ओढतेय आणि त्यात मुलाचं हे. ती आधी जे करते ते तुम्हाला आवडणार नाही. आणि मग ते दोघं ख्रिसमसचं झाड सजवतात तो सीन, एक बाहुला आणि एक बाहुली, कुठलं लावू म्हणून तो विचारतो आणि ती म्हणते तुला योग्य वाटेल ते लाव. बास. एवढंच. मी चार वेळा मागे नेऊन बघितलाय. लांबी अडीच तासांच्या वर आहे, मध्ये चहा करा.

कोचीकर

मी बँकेत आहे, एर्नाकुलमला पोस्टिंग. 'काथल' सुचवतो. नोव्हेंबर २०२३ चा, जिओ बेबीचा.

मामूटी त्यात सहकारी बँकेतून निवृत्त झालेला मॅथ्यू आहे, गावातल्या पोटनिवडणुकीला उभा राहतो आणि नेमकं त्याच वेळी बायको घटस्फोटाचा अर्ज टाकते. २० वर्षांच्या संसारानंतर. कारण कोर्टात लिहून दिलंय. ज्योतिकाने बायकोचं काम केलंय. ती चिडलेली नाही, रडत नाही, तिला फक्त तिचं उरलेलं आयुष्य हवंय आणि त्यालाही त्याचं मिळावं असं वाटतंय. कोर्टातून परत येऊन दोघं एकाच घरात राहतात, एकाच टेबलावर जेवतात. ते जेवणाचे सीन बघवत नाहीत इतके शांत आहेत.

मुद्दा असा की त्या वेळी मामूटी सत्तरीच्या पुढचा होता, केरळातला सगळ्यात मोठ्या दोघांपैकी एक स्टार, आणि निर्माताही तोच. इकडे मी बघितला तेव्हा थिएटरात सगळं फॅमिली पब्लिक होतं. पुढे राज्य सरकारचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालं.

एक खटकलं ते पण लिहितो. ज्याच्याशी मॅथ्यूचं नातं आहे तो थंकन, ड्रायव्हिंग स्कूलवाला, त्याला आणि मॅथ्यूला जवळजवळ एकत्र सीनच दिलेले नाहीत. लांबून बघतात. लोक म्हणतात तेच सौंदर्य आहे. मला वाटतं थोडं घाबरूनही केलंय. पण आईंच्या सगळ्या अटींत बसतो.

मोगरी

अरे वा, सगळं लिहून घेतलं. कोचीकर, मामूटी म्हटल्यावर आईची कळी खुलली, तिला तो जब्बार पटेलांच्या पिक्चरमधला बाबासाहेब म्हणून माहितीय. वरून म्हणाली मल्याळम काय, आम्ही दूरदर्शनवर रविवारी दुपारी बंगाली-आसामी सगळे बघायचो सबटायटल लावून, तुला काय वाटलं. तर सबटायटलची अट ढिली केली आहे असं समजा.

सदूभाऊ, राग वगैरे अजिबात नाही. मी 'घट्ट नातं' मुद्दाम लिहिलं कारण काही पिक्चरांत शेवटपर्यंत कळत नाही नक्की काय आहे आणि मला तसले पण आवडतात.

ओवी

मोगरी, आईंना नाट्यसंगीत आवडतं का? तर मग व्हिएतनामचा 'साँग लँग' दाखवाच, २०१८ चा. अट मोडतो हे आधीच सांगते.

तिकडे कायलुओंग म्हणून प्रकार आहे, आपल्या संगीत नाटकाच्या जवळचा, म्हणजे गाणी, जरीचे पोशाख, राजा-राणीच्या गोष्टी, आणि आपल्यासारखेच उतरतीला लागलेले दिवस. गोष्ट ८० च्या दशकातल्या सायगावमधली. युंग नावाचा वसुलीवाला, सावकारिणीचे पैसे वसूल करायला नाटक कंपनीत घुसतो आणि पोशाखांवर रॉकेल ओतून काडी लावायच्या बेतात असतो, तेव्हा त्याला अडवतो तो कंपनीचा मुख्य नट. नंतर कळतं की या गुंडाचा बाप वादक होता, आई कायलुओंगची नटी, आणि हातात वाद्य दिलं की हा सगळं विसरतो. एक रात्र लाइट गेल्यामुळे दोघं एकत्र काढतात, गप्पा मारतात, त्याच्या आधी टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळतात लहान पोरांसारखे, आणि अख्ख्या पिक्चरमध्ये एकमेकांना साधा स्पर्श म्हणाल तर नावालाच. पण नट गातो आणि हा साथ करतो तिथे जे काय होतं ते मी लिहू शकत नाही. साँग लँग हे पायाने ठोका द्यायचं छोटं लाकडी वाद्य आहे, सगळे गाणारे वाजवणारे त्या ठोक्यावर चालतात. शेवट वाईट आहे. म्हणजे चांगला आहे पण वाईट आहे.

याच वळणाचा मोठा पिक्चर म्हणजे 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन', चेन कायगेचा, १९९३ ला कानच्या महोत्सवात पाम दोर हे सगळ्यात मोठं बक्षीस, 'द पियानो'बरोबर विभागून. पेकिंग ऑपेरातले दोन नट, लहानपणी एकत्र मार खाऊन शिकलेले, एक राजा करतो आणि दुसरा आयुष्यभर त्याची राणी. लेस्ली चुंग राणी झालाय. स्त्रीपार्टाची परंपरा आपल्याला सांगायला नको, बालगंधर्वांच्या शालूची फॅशन व्हायची हे आईंना पाठ असेल. पण इथे प्रश्न असा पडतो की स्टेजवरून उतरल्यावर राणीने काय करायचं. राजा म्हणतो नाटक नाटकाच्या जागी, आणि लग्न करून मोकळा होतो. दुसऱ्याला ते दोन्ही वेगळं करताच येत नाही. जवळजवळ तीन तास आहे, लहान पोरांना मारण्याचे सीन अंगावर येतात, आणि सांस्कृतिक क्रांतीत दोघांना चौकात उभं करून एकमेकांविरुद्ध बोलायला लावतात तो तर सहन होत नाही. आईंना एकदम नको. पण तुम्ही बघा.

सदूभाऊ

थांबा_जरा, सक्तीचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. पण 'दोस्ती'मधल्या पोरांना तुमच्या यादीत घालायला मी तयार नाही, ते माझे आहेत तसेच राहू द्या.

ओवीताईंनी लिहिलेलं वाचून आठवलं, कोरियाचा 'द किंग अँड द क्लाउन' आमच्या मुलाने दाखवला होता. २००५ चा. डोंबारी म्हणा बहुरूपी म्हणा असे दोघं, दोरीवर चालणारे, त्यातला एक बाईची सोंगं करतो, आणि राजाची चेष्टा केली म्हणून पकडून नेतात तर राजालाच ते आवडतात. राजा म्हणजे तो इतिहासातला क्रूर योनसान. त्या देशात १ कोटी २० लाखांच्या वर तिकिटं खपली म्हणे, लोकसंख्या पाच कोटीही नसताना. त्यातल्या त्या दोघांचं नातं नक्की काय ते दिग्दर्शक सांगतच नाही. मला विचाराल तर माया. मुलगा म्हणतो बाबा, काहीही. शेवटी दोघं दोरीवरून उंच उडी घेतात आणि चित्र हवेतच थांबतं, तर मेले का नाही ते ज्याने त्याने ठरवावं. अर्थात त्याच्या आधी एकाचे डोळे तापलेल्या लोखंडाने जाळलेले असतात.

कौलारू

उशिरा आलो, पण भारी धागा. सगळे प्रेम की दोस्ती यावर बोलताय, मला हे पिक्चर बघताना वेगळीच गोष्ट दिसते ती लिहितो, लांबेल.

खोली. या सगळ्या पिक्चरांत भांडण खोलीसाठी चाललंय. दाराला आतून कडी असलेली, आणि त्या कडीला बाहेरचे लोक मान देतील अशी एक खोली. 'वेडिंग बँक्वेट'मध्ये खोली आहे, घरच आहे, पण आईबाप आले की स्वतःच्या घरातले स्वतःचे फोटो उतरवावे लागतात. 'काथल'मध्ये घर एवढं मोठं आहे आणि मॅथ्यूला त्यात कोपरा नाही. 'हॅपी टुगेदर' घ्या, हाँगकाँगचे दोघं जगाच्या दुसऱ्या टोकाला ब्युनोस आयरेसला जाऊन पडलेत, त्यांच्याकडे काय आहे तर एक कळकट भाड्याची खोली, एक खाट, एक सोफा आणि धबधब्याचं चित्र फिरणारा दिवा. एकाचे हात मार खाऊन बँडेजमध्ये, दुसरा त्याला भरवतो, खाट त्याला देतो, आणि सगळ्या भाडेकरूंच्या त्या सामायिक स्वयंपाकघरात दोघं टँगो नाचतात. आणि खोली मिळाल्यावर पण माणूस काय करतो बघा, दुसऱ्याने सोडून जाऊ नये म्हणून त्याचा पासपोर्ट लपवून ठेवतो. खोली मिळाली की सगळं सुटतं असं तो पिक्चर म्हणत नाही म्हणून मला तो खरा वाटतो. १९९७ चा आहे, मे महिन्यात कानला वाँग कार-वायला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं आणि १ जुलैला हाँगकाँग चीनकडे गेलं.

मग 'सुक सुक', २०१९, रे येउंगचा, तोही हाँगकाँगचा. हा अजून कुणी सांगितला नाही याचं नवल वाटलं कारण मोगरी, आईंच्या वयाचा पिक्चर आहे. एक सत्तरीचा टॅक्सीवाला, निवृत्त व्हायला तयार नाही, बायको मुलं नातवंडं सगळं आहे. दुसरा पासष्टीचा, बायकोशिवाय मुलगा वाढवलेला, आता मुलगा सून यांच्याबरोबर राहतो आणि मुलगा कट्टर ख्रिश्चन. दोघं आजोबा. हाँगकाँगातली घरं म्हणजे आपल्या चाळीपेक्षा लहान, त्यात ही म्हातारी माणसं भेटणार कुठे, तर बागेत, सार्वजनिक ठिकाणी, आणि पुरुषांच्या सॉनामध्ये. बाजूने अशा म्हाताऱ्यांसाठी वृद्धाश्रम असावा का यावर काही लोकांची चर्चा चालू असते, आणि तिकडे जाऊन उघडपणे बोलायचं कुणी असा प्रश्न येतो. तिथल्या खऱ्या वयस्कर माणसांनी सांगितलेल्या आठवणींवरून तो बेतलाय. एक-दोन सीनला पाणी प्यायला उठावं लागेल पण उरलेला इतका हळू आणि साधा आहे की आई सबटायटल दोनदा वाचतील. मरत कुणी नाही.

आपल्याकडे या. 'अलिगढ'मध्ये तर खोलीच फोडली. रामचंद्र सिरस, नागपूरकडचे, अलिगढ विद्यापीठात मराठी शिकवायचे, 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचं पारितोषिक होतं. फेब्रुवारी २०१० ला कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या क्वार्टरमध्ये घुसली, दुसऱ्या दिवशी निलंबन. तेव्हा समलैंगिक संबंध गुन्हा नाही असा दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल होता, म्हणजे कायद्याने बघितलं तर घरात घुसणारेच चुकले होते. १ एप्रिलला अलाहाबाद हायकोर्ट त्यांच्या बाजूने उभं राहिलं आणि ७ एप्रिलला ते त्यांच्या भाड्याच्या घरात मृत सापडले. पिक्चर हंसल मेहतांचा, मनोज बाजपेयी त्यात संध्याकाळी एकटा खुर्चीत बसून ग्लास हातात घेऊन लताबाईंचं गाणं ऐकतो, कितीतरी वेळ, कॅमेरा हलत नाही. तो माणूस कोर्टात वकिलांचा युक्तिवाद चालू असताना स्वतःच्या मराठी कवितांचं भाषांतर करत बसतो. मला राग येतो तो याचा की मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसावर पिक्चर हिंदीत झाला आणि आपल्याकडे त्यावर फार बोललं पण गेलं नाही. आईंना नको, अट मोडतो. 'कोबाल्ट ब्लू' मात्र बघा, सचिन कुंडलकरांची २००६ ची मराठी कादंबरी, भाऊ आणि बहीण दोघं घरातल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. तिथे पण बघा, सगळं त्या भाड्याने दिलेल्या खोलीभोवती फिरतंय. नेटफ्लिक्सवर २०२२ ला आला तेव्हा गोष्ट उचलून कोचीला नेली. मला कादंबरी जास्त आवडली.

आता 'साबर बोंडं'. रोहन कानवडे आधी इंटिरियर डिझाइन शिकलेला माणूस आहे, त्यामुळे त्याला खोल्या कळतात असं माझं मत. नायक आनंदला मुंबईत छोटी खोली, गावात तर सुतकाचं घर, बारा नातेवाईक, प्रत्येकाचा एकच प्रश्न. त्याला आणि बाल्याला जागा मिळते ती शेतात, झाडाखाली, छपराशिवाय. आणि आई! ती नुसती समजून घेते असं नाही, चार लोकांसमोर पदर पसरून आडोसा करते. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी बक्षीस मिळालं त्याचं कौतुक आहेच, पण आईचं काम करणाऱ्या जयश्री जगतापांचं जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

सदूभाऊ, तुमच्यासाठी एक सांगतो. मी आणि माझा जोडीदार ठाण्याला घर शोधत होतो तेव्हा मालकांनी विचारलं तुम्ही दोघं कोण, म्हटलं दोस्त. त्यांना एकच काळजी होती, मुली आणायच्या नाहीत. ही अट आम्ही इतक्या आनंदाने मान्य केली की त्यांनी डिपॉझिट पण थोडं कमी केलं. तर दोस्ती या शब्दाचे माझ्यावर उपकार आहेत, त्यावर माझं घर उभं आहे. आणि त्याच शब्दामुळे मालकांच्या सत्यनारायणाला मला दरवर्षी ऐकावं लागतं की या तुमच्या मित्राचं तरी जमवा कुठेतरी.

थांबा_जरा

"मुली आणायच्या नाहीत" मेले मी हसून हसून. वाखूसा (वाचनखूण साठवली).

सदूभाऊ

कौलारू, प्रतिसाद दोनदा वाचला. पुढच्या सत्यनारायणाला मालकांना सांगा मित्राचं जमलंय म्हणून. पुढचं विचारतील तेव्हा प्रसाद घ्या आणि निघा.

निशाचर

कौलारू, खोलीचा मुद्दा जबरी आहे, मी 'हॅपी टुगेदर' इतक्यांदा बघून तो पासपोर्ट असा जोडला नव्हता. रच्याकने (बाय द वे) 'फेअरवेल'मधली राणी आणि 'हॅपी टुगेदर'मधला बँडेजवाला हा एकच माणूस, लेस्ली चुंग. २००३ च्या १ एप्रिलला गेला. तो जिथे गेला त्या हॉटेलबाहेर हाँगकाँगचे लोक अजून दरवर्षी त्या दिवशी फुलं ठेवतात.

आईंच्या सबटायटलच्या अडचणीवर रामबाण उपाय पण आहे, त्साय मिंग-लियांगचा 'डेज', २०२०. त्यात मुद्दाम सबटायटल ठेवलेलीच नाहीत कारण कुणी फारसं बोलतच नाही. एक माणूस खिडकीतून पाऊस बघतो तो सीनच चहा होऊन थंड होईल एवढा चालतो, दुसरा भाज्या धुतो, तो पण सावकाश. मग दोघं हॉटेलच्या खोलीत भेटतात (घ्या कौलारू, खोली) आणि एक दुसऱ्याला मसाज देतो, तो मात्र एवढा लांब आहे की मोगरी, तुम्ही पाणी प्यायला उठलात तर विहिरीवरून आणावं लागेल. नंतर तो त्याला एक छोटी म्युझिक बॉक्स देतो, चॅप्लिनच्या 'लाइमलाइट'ची धून वाजणारी, आणि तो पोरगा रात्री बस स्टॉपवर बसून ती वाजवत राहतो. एकट्याने बघा पण बघाच.

कोचीकर

जपानचा 'इगोइस्ट' राहिला. २०२२. फॅशन मासिकातला संपादक आणि जिम ट्रेनर. ट्रेनरची आई आजारी, तो तिच्यासाठी काय काय करून पैसे मिळवतो. हा संपादक स्वतः लहानपणी आई गेलेला, तो मदत करायला लागतो. पहिला अर्धा तास आईंबरोबर अजिबात नाही. दुसरा अर्धा भाग फक्त आईंबरोबरच. अट मोडतो, पण मध्यावर मोडतो, शेवटी नाही. उरलेला पिक्चर मागे राहिलेल्या दोघांचा आहे, ती आई आणि हा. ती त्याला काय मानते ते तिने ठरवलेलं असतं.

मोगरी

"मध्यावर मोडतो, शेवटी नाही" हे आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग चालेल, पण आधी ते आईबाप विमानाने येतात तो लाव. मग मामूटी, मग ते आजोबा. 'साँग लँग' मी एकटी बघणार आणि मग ठरवणार. ओवी, तिला नाट्यसंगीत आवडतं पण ती गाणं चालू असताना स्वतः गाते, त्यामुळे सबटायटलचा प्रश्नच येणार नाही.

अवांतर: कौलारूंचा प्रतिसाद पण तिला वाचून दाखवला. तिचा निरोप आहे की ठाण्यात भाडं परवडेना झालं तर आमच्या वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, आतून कडी आहे, फक्त नळाला पाणी सकाळी सहालाच येतं.

कौलारू

आईंना नमस्कार सांगा. सहाला उठायची तयारी नाही पण विचार करतो.

निशाचर

मोगरी, शोधताना 'वेडिंग बँक्वेट' १९९३ असं टाका. २०२५ ला त्याच नावाचा नवीन आलाय, सिएटलमधला, त्यात दोन जोडपी आहेत आणि कोरियन आजी आहे, तोही वाईट नाही पण वडिलांचं ते पाकीट त्यात नाही.